टपालातला संसार



गेल्या रविवारी संध्याकाळी जेवणं उरकून ओटा पुसत होते. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत पानं वाढली जातात हे नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. साडेसहाला माझं स्वयंपाकघर मोकळं असतं, आणि तेव्हा टोरांटोला सकाळचे नऊ वाजलेले असतात. लेकीचा फोन याच वेळेला येतो. जावई पुण्यात, ती तिकडे. लग्नाला सव्वा वर्ष झालं, त्यातले आठ महिने असे चाललेत. व्हिसाचे कागद पुढे सरकले की जावई जाणार. कागद कधी सरकणार, ते कुणी सांगत नाही.

मी सहज विचारलं, "रोज बोलता ना गं?"

"दिवसातून तीनदा बोलतो, आई. उठल्यावर, जेवताना, झोपताना. पण आम्हाला भांडताच येत नाही. जरा सुरुवात झाली की एक तर नेट जातं, नाहीतर त्याची मीटिंग लागते. मग दुसऱ्या दिवशी दोघंही गोड गोड बोलतो. सगळं साठून राहिलंय."

फोन ठेवला, पण हे "साठून राहिलंय" काही डोक्यातून जाईना. परदेशी गेलेलं माणूस आणि घरी राहिलेलं माणूस, यांनी साठलेलं एकमेकांना सांगायचं कसं? हा प्रश्न माझ्या लेकीच्या पिढीपासून सुरू झालेला नाही. आमच्या कोल्हापूरशी नातं असलेली एक बाई सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी त्यातून गेली होती. म्हणून आजचा लेख पाककृतीचा नाही. पुढच्या वेळी मुगाच्या वड्या नक्की.

ती बाई म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. पहिली डॉक्टर म्हणून आपण तिला शाळेपासून ओळखतो. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी कित्येकींनी वाचली असेल, २०१९चा सिनेमा तर बहुतेकींनी पाहिला असेल. पण मला आज तिच्या डॉक्टरकीबद्दल लिहायचं नाही. १८८३ ते १८८५ ही दोन-सव्वादोन वर्षं ती अमेरिकेत आणि गोपाळराव हिंदुस्थानात होते. त्या काळात त्यांचा सगळा संसार टपालाने चालला होता. आणि गोपाळराव स्वतः टपाल खात्यात कारकून! (तिला 'त्या' म्हणायला माझा हात वळत नाही. ती गेली तेव्हा माझ्या लेकीपेक्षा कितीतरी लहान होती.)

थोडं मागून सांगते. ३१ मार्च १८६५चा तिचा जन्म. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. गोपाळराव बिजवर आणि तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचं या एका वेडाने ते झपाटलेले होते. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. योग्य उपचार मिळाले नाहीत हे तिच्या मनात राहिलं आणि डॉक्टर व्हायचं तिथून ठरलं, असं सगळे चरित्रकार सांगतात. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. जिथे जातील तिथे बायकोची पुस्तकं बरोबर.

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन गावच्या रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की बायकोला तिकडे शिकवायचं आहे, काही सोय होईल का? हे वाइल्डर पूर्वी कितीतरी वर्षं आमच्या कोल्हापुरातच होते. त्यांनी उत्तर दिलं ते धर्मांतराच्या सल्ल्याचं, आणि सगळा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. एरवी गोष्ट तिथेच संपायची. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या एक बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर ते जुनं मासिक पडलं होतं, त्यांनी ते चाळलं. घरी जाऊन त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र टाकलं. आनंदीने उत्तर पाठवलं. १८८० साली हे सुरू झालं आणि पुढे आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. ना बघितलेली, ना रक्ताची, निव्वळ टपालाने आलेली मावशी.

गोपाळराव बरोबर का गेले नाहीत? हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीने इंग्रजीत भाषण केलं. लोक घेत असलेल्या आक्षेपांना तिने एकेक करून उत्तरं दिली. अमेरिकेला कशाला जाते, इथे शिकायची सोय नाही का, एकटी का जाते, परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का, असे ते आक्षेप. तिचं वय तेव्हा सतरा, अठरावं पुरं व्हायला महिनाभर बाकी. एकटी का, याचं तिचं उत्तर अगदी घरगुती होतं. आधी दोघांनीच जायचं ठरलं होतं, पण पैसा पुरेसा नाही, आणि मागे म्हातारे आईवडील आणि धाकटे भाऊ आहेत, त्यांना कुणाच्या दयेवर टाकायचं? एकाने कमवायचं, एकाने शिकायचं. मैत्रिणींनो, आज आपल्या ओळखीतल्या किती घरांत हेच गणित मांडलं जातं! फरक एवढाच, की बहुतेक वेळा जाणारा पुरुष असतो. इथे बायको निघाली आणि नवरा पोस्टात नोकरी करत मागे राहिला.

७ एप्रिल १८८३ रोजी ती काही अमेरिकन बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. अठ्ठावन्न दिवस. मावशी बंदरावर घ्यायला आल्या होत्या. पुढे फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची मदत मिळाली आणि अभ्यास सुरू झाला.

आता टपालाचा हिशोब बघा. तारायंत्र होतं, समुद्राखालून तारा गेलेल्या होत्या, पण शब्दाशब्दाला पैसे मोजावे लागत. कारकुनाच्या घरात तार यायची ती कुणाच्या मरणाचीच. तेव्हा आधार पत्राचाच. आपल्याकडची डाक रेल्वेने मुंबईला, तिथून आगबोटीने एडन, सुएझ, मग इटलीतलं ब्रिंडिसी बंदर, तिथून आगगाडीने युरोप ओलांडून लंडन, आणि लंडनहून पुन्हा बोटीने अटलांटिक पार. महिनाभर तर सहज जाई, वर काही दिवस. म्हणजे आज प्रश्न विचारला तर उत्तर दोन-अडीच महिन्यांनी हातात. तोवर विचारणारीचा प्रश्नच बदललेला असे. तिला घटसर्प झाला, ताप आला, तर पत्र पोचेपर्यंत ती एक तर बरी झालेली तरी असणार, नाहीतर नसणारच. घरी राहिलेल्या माणसाने ते पत्र कुठल्या मनाने उघडायचं? गोपाळराव तर रोज दुसऱ्यांची टपालं हाताळणारे. आपल्या नावाचा लखोटा थैलीत आहे का, हे त्यांना गावात सगळ्यांच्या आधी कळत असेल.

थंडीचा त्रास तिला फार झाला. आधी राहायला मिळालेल्या खोलीतली शेगडी धूर करायची. खाणं शाकाहारी, ते तिने सोडलं नाही. तिकडे त्या काळात शाकाहारी बाईने काय खाल्लं असेल, याचा विचार माझ्यासारख्या चूल सांभाळणारीच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. आपलं नऊवारी नेसणं पोटऱ्या उघड्या टाकणारं, त्या हवेत कसं चालणार? म्हणून ती गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली. किती साधी गोष्ट! पण परदेशी गेलेल्या सुनेच्या नेसण्याचा निवाडा इकडे बसून करणारे तेव्हाही काही कमी नव्हते. इथून जाताना तिने जाहीर सांगितलं होतं, की जशी इथे राहते तशीच तिथे राहीन. त्या एका वाक्याचं ओझं तिने तीन वर्षं वाहिलं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते सांगते. गोपाळरावांनी बायकोला शिकवलं ही अर्धी गोष्ट. शिकवताना ते तिला मारत, ही उरलेली अर्धी. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात सापडली म्हणून मारलं, अशा हकिकती चरित्रांत आहेत. आपण ते वाचतो आणि "त्या काळचं होतं" म्हणून पान उलटतो. पण आनंदीने पान उलटलं नाही. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने सगळा जमाखर्च मांडला. दहा वर्षांची असताना लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, खुर्च्या-पुस्तकं अंगावर फेकलीत, बाराव्या वर्षी सोडून जाईन म्हणून धमकावलंत, चौदाव्या वर्षी आणखी कसल्या कसल्या शिक्षा केल्यात, हे वयानिशी लिहिलं. हे चांगलं होतं की वाईट, हे मला ठरवता येत नाही, असंही लिहिलं. हेतू बघितला तर चांगलं म्हणावं, लहान पोरीच्या मनावर काय होईल ते बघितलं तर चूकच. शिवाय आपल्याकडे बायकोला तोंड उघडायची मुभा नाही, नवरा करील ते गप्प सोसायचं, हेही स्पष्ट सांगितलं. आणि आपण आज जे काही आहोत ते तुमच्यामुळे, हे ऋणही त्याच कागदावर मान्य केलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. रडणं नाही, शाप नाही, माफी मागणं नाही. जमेच्या बाजूला जमा, खर्चाच्या बाजूला खर्च. बरं, लिहायला कुणी शिकवलं? ज्याच्या नावे खर्च पडला होता, त्यानेच. श्रीरामपूरच्या बिऱ्हाडात समोरासमोर बसून ती हे बोलली असती का? मला नाही वाटत. मध्ये दोन समुद्र आणि महिनाभराची वाट होती, म्हणून तिला वाक्य पुरं करता आलं. मधेच कुणी "पुरे झालं" म्हणणारं नव्हतं, हात उगारणारं नव्हतं. विरहाची गाणी आपण पुष्कळ ऐकतो. दूर राहिल्यामुळे एखादीला बोलता येतं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

याच्या उलटी गोष्ट पाच वर्षांनी काठेवाडात घडली, आणि तिच्यात आपले एक जैन साधू येतात. ४ सप्टेंबर १८८८ रोजी अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेच्या बोटीत बसले. लग्न होऊन पाचेक वर्षं झालेली, घरी कस्तुरबा आणि काही महिन्यांचा हरिलाल. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये हे सगळं लपवाछपवी न करता लिहिलंय. पैशांची अडचण आली तेव्हा त्यांनीच सुचवलं होतं, बायकोचे दागिने विकावे, दोन-तीन हजार येतील. दागिने कुणाचे, सुचवतंय कोण!

आई पुतळीबाईंचा जीव मुलगा तिकडे बिघडेल या धास्तीने वरखाली होत होता. तेव्हा बेचरजी स्वामी मदतीला आले. मूळचे मोढ वाणी, पुढे जैन साधू झालेले, आणि गांधी कुटुंबाला सल्ला देणारे. त्यांनी मोहनदासांकडून तीन नेम घेतले. दारूला, परस्त्रीला आणि मांसाला शिवणार नाही. मग आईने परवानगी दिली. जातीचा विरोध राहिलाच. मुंबईत पंचांनी वाळीत टाकलं आणि त्याला निरोप द्यायला धक्क्यावर जो जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरवला.

हा प्रसंग आपल्याकडे व्याख्यानांतून नेहमी सांगतात, व्रताची थोरवी म्हणून. ते खरंच आहे. ते नेम गांधीजींनी पाळले. एकदा पोर्ट्समथला पत्ते खेळता खेळता पाय घसरण्याच्या बेतात आला होता आणि मित्राने वेळीच सावध केलं, हेही त्यांनीच लिहिलंय. मी स्वतः घरात नेमधर्म पाळणारी बाई आहे, व्रताचं मोल मला कळतं. पण ते तीन नेम घेतले गेले तेव्हा आत कुठेतरी तान्हं मूल मांडीवर घेऊन कस्तुरबा बसल्या असतील. नवरा तीन वर्षं परदेशी जाणार, त्याने परस्त्रीला शिवायचं नाही, हा करार मुलगा, आई आणि स्वामी या तिघांत झाला. ज्या बायकोचा तो खरा प्रश्न, तिला कुणी काही विचारल्याचं कुठे दिसत नाही.

आणि कस्तुरबांना लिहिता येत नव्हतं. नवऱ्याने शिकवायचा प्रयत्न केला होता, तो फसला. का फसला, तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंय: दिवसा मोठ्यांदेखत बायकोशी बोलायची सोय नव्हती आणि रात्री शिकवण्यात मन नव्हतं. म्हणजे तीन वर्षांत कस्तुरबांना काही सांगायचं असतं तर ते दिराच्या नाहीतर आणखी कुणाच्या हातून लिहून घ्यावं लागलं असतं. दिराला सांगून नवऱ्याला काय लिहिणार? मूल बरं आहे, सासूबाई बऱ्या आहेत. आणि सासूबाई बऱ्या नव्हत्या! गांधीजी विलायतेत असताना पुतळीबाई वारल्या. ती बातमी त्यांना तिकडे कळवलीच नाही. १८९१ला परत आल्यावर भावाने सांगितली. घरचं पत्र म्हणजे घरची खबर, असं आपण धरून चालतो. पण पत्र लिहिणारे हात काय गाळायचं ते ठरवत असतात.

लंडनला गांधीजी स्वतःही एक गोष्ट गाळत होते. तिथले बरेच हिंदी विद्यार्थी लग्न झाल्याचं लपवत, तेही लपवू लागले. ब्रायटनला भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाई त्यांना दर रविवारी लंडनच्या आपल्या घरी जेवायला बोलवत, तरुण मुलींशी ओळखी करून देत. शेवटी गांधीजींना ते सोसेना. त्यांनी त्या बाईंना चिठ्ठी लिहून कळवलं, की माझं लहानपणीच लग्न झालंय, मला मुलगाही आहे. बाई मोठ्या मनाच्या, त्या हसल्या आणि पुन्हा जेवायला बोलावलं. बायको आहे हे कागदावर कबूल केलं ते असं, परक्या बाईपाशी.

परत आल्यावर काय झालं? तीन वर्षं दूर राहून प्रेम वाढतं म्हणतात. त्यांनी लिहिलंय की आपला संशयी स्वभाव विलायतेनेही गेला नाही. एकदा तर त्यांनी कस्तुरबांना माहेरी धाडून दिलं आणि पुरता छळ झाल्यावरच परत आणलं. साठलेलं असं बाहेर पडतं. पुढे १८९३ला ते दक्षिण आफ्रिकेला गेले तेव्हाही एकटेच, आणि १८९६ला बायकामुलांना न्यायला आले. त्या दोघांचं पुढचं आयुष्य फार मोठं आणि वेगळं आहे, ते इथे मावणार नाही. पण ती पहिली तीन वर्षं मी कस्तुरबांच्या बाजूने लिहिलेली कुठे वाचली नाहीत. असतील कशी? त्यांच्या हातचा कागदच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ताई, थोरामोठ्यांच्या संसारात एवढं नाक का खुपसता? तर सांगते.

हे १९८८ला मस्कतला गेले, तेव्हा आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. मी सासरी, एकत्र कुटुंबात. निळी एरोग्रामं आठवतात का कुणाला? पातळ कागद, तिन्ही बाजूंनी डिंक, आत काही घालायला मनाई. पोस्टमन दुपारी यायचा. पत्र मामंजींच्या नावावर. ते चष्मा लावून सोप्यात बसायचे आणि मोठ्याने वाचायचे, सासूबाई, जाऊबाई, मी, सगळ्यांदेखत. शेवटची ओळ माझ्यासाठी: "सौ.ने तब्येतीस जपावे." कधीमधी कुणाबरोबर कॅसेट यायची. तीही टेपवर सगळ्यांत बसून ऐकायची. शेजारच्या काकूसुद्धा यायच्या. माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकताना मी चहाचे कप मोजत असे.

दोन वर्षं पुरी होत आली. मी दिवस मोजत होते. आणि एका दुपारी मामंजींनी वाचलं, की कंपनीने आणखी दोन वर्षं मागितली आहेत, मी होकार दिला आहे. सगळ्यांना आनंद झाला. वरच्या मजल्याचा स्लॅब पडणार होता ना. मी आत जाऊन पिठात पाणी घातलं, ते जास्त झालं.

त्या रात्री मी पत्र लिहिलं. एरोग्रामवर नाही, वहीच्या कागदावर, पाठपोट, चार पानं. मला न विचारता का ठरवलंत, एवढाच मुद्दा, पण चार पानं भरली. सकाळी टाकायचं तर कसं टाकायचं? घरची पत्रं भाऊजी पोस्टात नेत. परदेशी पाकिटाला तिकीट किती लागतं, हेही त्यांनाच ठाऊक. पत्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेलं.

पुढे दशलक्षण पर्व आलं. क्षमावाणीच्या दिवशी बस्तीतून आल्यावर मस्कतला छापील कार्ड पाठवायची आमच्या घरची रीत होती. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. खाली मीही सही केली. त्यांचंही कार्ड आलं, त्यावरही तेच. काय चुकलं ते त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. क्षमा मात्र दोन्हीकडून मागून झाली होती. मी ते कार्ड हातात धरून बराच वेळ बसले होते, एवढं आठवतं.

हे १९९२ला कायमचे परत आले. आमचं बरं चाललंय, कुणी काळजी करू नये. पण ती चार पानं अजून डब्यात आहेत. आनंदीचं पत्र वाचल्यापासून मला त्यांची आठवण वरचेवर येते. तिच्याकडे अठरा-एकोणीस वर्षांचं वय, अनोळखी मुलूख, आणि ती पत्र टपालात टाकून मोकळी झाली. माझ्याकडे पदवी होती, कोपऱ्यावर पोस्ट होतं. (हे हा लेख वाचतीलच. डबा लोफ्टवर आहे, डाव्या हाताला.)

आनंदीची गोष्ट पुरी करते. १८८५मध्ये गोपाळराव नोकरी सोडून अमेरिकेत पोचले. टपाल संपलं, माणूस समोर आलं. तिकडे व्याख्यानं देऊन त्यांनी अमेरिकन लोकांवर अशी टीका केली, की ज्यांच्या आधाराने ती शिकत होती त्यांनाच अवघड व्हावं. तरी ११ मार्च १८८६ला पदवी घेताना ते तिथे होते, पंडिता रमाबाईही होत्या. कोल्हापूर संस्थानाने तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागावर नेमलं. ते हॉस्पिटल म्हणजे आपलं सीपीआर. मी भाजीला जाताना त्या दगडी कमानींवरून जाते. ती तिथे कधी आलीच नाही. नोव्हेंबर १८८६मध्ये दोघं मुंबईला उतरली तेव्हा क्षयाने तिला पुरतं पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात ती गेली. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना होता. काशीबाई कानिटकरांनी तिचं चरित्र लिहिलं, त्यात तिची पत्रं आली, म्हणून आपल्याला हे सगळं कळतं.

तिची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला मावशींकडे पाठवली. ज्या वाटेने पत्रं गेली-आली, त्याच वाटेने. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर घराण्याच्या जागेत, ती आहे.

हे सगळं मी परवा लेकीला सांगितलं. नेहमी मधेमधे बोलते, त्या दिवशी गप्प ऐकलं. मग म्हणाली, "आई, तिने वय घालून लिहिलं? दहाव्या वर्षी हे, बाराव्या वर्षी हे?" म्हटलं, हो. म्हणाली, "मलाही तारखा आठवतात."

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून कागद आणले आणि नवऱ्याला हाताने पत्र लिहिलं. मराठीतून, कारण इंग्रजीत राग नीट येत नाही म्हणे. टोरांटोहून साध्या टपालाने पुण्याला टाकलंय, आणि फोनवर त्याला एवढंच सांगितलंय, की पत्र येतंय. आत काय आहे, विचारायचं नाही.

जावईबापूंचे मला आतापर्यंत दोन फोन येऊन गेले. "आई, तुम्हाला काही माहीत आहे का?" म्हटलं, मला काय ठाऊक, पोस्टमनवर लक्ष ठेवा. सोसायटीच्या वॉचमनला त्यांनी सांगून ठेवलंय म्हणे, की पत्र आलं तर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही.

आज आठवा दिवस.